लाकडी गरुडाचा कान

आमच्या गोठ्यातल्या गाईच्या कानात एक पिवळा बिल्ला आहे. त्यावरचे बारा अंक वाचायचे तर तिच्याजवळ जावे लागते, आणि तिने मान झटकली नाही तरच ते वाचता येतात. आमच्याच पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे 2009 साली विहिरीत पडलेल्या बिबट्याची खूण मात्र कोणाला दिसणारी नव्हती. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया यांनी त्याला गळ्यात पट्टा घालून सोडले. शिवाय त्याच्या कातडीखाली एक बारीकशी चिप होती. ‘आजोबा’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा बिबट्या माळशेज घाटातून निघून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. पट्टा नंतर बंद पडला. 2011 च्या डिसेंबरात घोडबंदर रस्त्याजवळ वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला, तो आजोबाच होता हे त्या चिपने सांगितले.

अशा चिपमध्ये बॅटरी नसते. मग ती उत्तर देते तरी कशी? या कुतूहलापोटी मी शोध घेऊ लागले आणि एका रशियन माणसापाशी येऊन थांबले. त्याचे नाव लेव्ह थेरेमिन.

थेरेमिनचा जन्म 1896 साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. शिक्षण पदार्थविज्ञानाचे, पण चेलो हे वाद्यही तो शिकला होता. 1920 च्या सुमारास प्रयोगशाळेत काम करताना त्याच्या ध्यानात आले की यंत्राजवळ हात नेला की त्यातून निघणारा स्वर बदलतो. त्यातून त्याने स्पर्श न करता वाजवण्याचे वाद्य तयार केले. 1922 साली लेनिनपुढे त्याने हे वाद्य दाखवले आणि त्याच तत्त्वावरचे, जवळ आलेल्या माणसाची चाहूल देणारे यंत्रही दाखवले. एकाच डोक्यातून संगीत आणि पहारा ही दोन्ही अपत्ये एकाच वेळी निघाली, याचे मला राहून राहून नवल वाटते.

पुढे युरोप आणि 1927 च्या अखेरीस अमेरिका. तेथे त्याचे मोठे नाव झाले. लाव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी त्याने लग्न केले. 1938 साली तो एकाएकी रशियाला परतला. त्याला पळवून नेले असे कोणी म्हणतात. आपण स्वखुशीने आलो असे त्याने म्हातारपणी सांगितले. खरे काय ते असो, पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. 1939 साली त्याला अटक झाली, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि कोलिमाच्या बर्फात त्याची रवानगी झाली. तेथून त्याला शास्त्रज्ञ कैद्यांच्या प्रयोगशाळेत आणले गेले. बाहेर कुलूप आणि आत संशोधन, अशी ती जागा होती.

तेथे त्याने जे केले त्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. 4 ऑगस्ट 1945 रोजी रशियन शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. पंख पसरलेला तो गरुड राजदूताच्या घरात भिंतीवर लागला. त्याच्या पोटात थेरेमिनने बनवलेली धातूची एक पोकळ डबी होती. तिला पातळ पडदा आणि एक लांब दांडी होती. तार नाही, बॅटरी नाही. बाहेरून कोणी रेडिओलहरी सोडल्या की बोलण्याने थरथरणाऱ्या पडद्यामुळे परतणाऱ्या लहरींत आवाज उमटे. लहरी थांबल्या की ती डबी पुन्हा मुकी होई, मग तपासणीत काय सापडणार! एकामागून एक चार राजदूत त्या घरात राहिले.

अखेर एका ब्रिटिश रेडिओ ऑपरेटरला अमेरिकनांचे बोलणे चक्क रेडिओवर ऐकू आले. 1952 साली राजदूत केनन यांना मुद्दाम एक जुना खलिता मोठ्याने सांगायला बसवले, म्हणजे पलीकडून लहरी सुरू व्हाव्यात. यंत्रज्ञ त्या लहरींचा माग काढत गरुडापर्यंत पोचले. 1960 साली अमेरिकेने तो गरुड संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे मांडला.

आजच्या आरएफआयडी टॅगचा पूर्वज म्हणून त्या डबीकडे बोट दाखवतात. टॅग आवाज टिपत नाही, केवळ आपला क्रमांक सांगतो. पण तोही बाहेरून येणाऱ्या लहरींवरच जागा होतो. 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर बंधनकारक झालेला फास्टॅग असाच आहे. टोल भरला जातो, आणि गाडी कुठे, किती वाजता होती याची नोंदही राहते. साधा टॅग कोण विचारते आहे हे पाहत नाही. योग्य यंत्र जवळ आले की बोलतो. आधी गुप्त संकेत मागणारे टॅग निघाले आहेत, पण ते महाग पडतात. आणि टॅग ज्याच्याजवळ आहे त्याला तो वाचला गेल्याचे कळतच नाही. माझ्या हातातल्या पुस्तकात उद्या असा टॅग बसला, तर मी काय वाचते हे ग्रंथपालांखेरीज आणखी कोणाला कळेल? खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला खरा. पण न कळता काही घेतले गेले तर तक्रार तरी कशी करावी?

थेरेमिनला दोष द्यावा असे मला वाटत नाही. कैद्याला काम निवडता येत नाही. परंतु 1947 साली सुटका आणि स्टालिन पारितोषिक मिळाल्यावरही तो पुष्कळ वर्षे गुप्तहेर खात्यासाठीच यंत्रे बनवीत राहिला, हे विसरताही येत नाही.

ते काम सुटल्यावर तो मॉस्कोच्या संगीत विद्यालयात पुन्हा वाद्ये बनवू लागला. पश्चिमेकडे कित्येकांनी त्याला मेलेला समजून सोडून दिले होते. 1967 साली एका अमेरिकन पत्रकाराला तो तेथे आढळला आणि वर्तमानपत्रात बातमी आली. बातमीत वाईट काहीच नव्हते, केवळ तो जिवंत असून कोठे काम करतो एवढेच होते. त्यावरून त्याची ती नोकरी गेली.

1991 साली, पंचाण्णवाव्या वर्षी, तो पुन्हा अमेरिकेला जाऊन आला. ज्या क्लारा रॉकमोरला त्याने तरुणपणी लग्नाची मागणी घातली होती आणि जिने ती नाकारली होती, तिची तेथे भेट झाली. त्याचे वाद्य जगभर गाजवले ते तिनेच. 3 नोव्हेंबर 1993 रोजी मॉस्कोत तो वारला.