संत मार्टिन डी पोरेस : कष्ट आणि उघडलेले दार



३ नोव्हेंबर हा संत मार्टिन डी पोरेस यांचा सण. हातात झाडू घेतलेली त्यांची मूर्ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

मार्टिन यांचा जन्म १५७९ साली पेरू देशातील लिमा शहरात झाला. आई आना वेलास्केझ ही गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. वडील हुआन डी पोरेस हे स्पॅनिश उमराव. त्यांचे लग्न झालेले नव्हते. मुलगा रंगाने आईवर गेला म्हणून वडिलांनी सुरुवातीला त्याला आपले म्हटले नाही. आईने मार्टिन आणि धाकट्या हुआनाला हलाखीत वाढवले. पुढे वडिलांनी मुलांना स्वीकारले आणि मार्टिनला थोडे शिक्षण मिळाले. बाराव्या वर्षी तो एका न्हाव्याच्या हाताखाली काम शिकू लागला. त्या काळी न्हावीच जखमा बांधत व औषधपाणी करत.

पंधराव्या वर्षी मार्टिन डोमिनिकन संघाच्या रोझरी मठात आले. परंतु आफ्रिकी वंशाच्या माणसाला संघाचा पूर्ण सभासद होण्यास मनाई होती. म्हणून ते सेवेकरी म्हणून राहिले. झाडलोट, धुणीभांडी, आजाऱ्यांची शुश्रूषा, सारे त्यांनी केले. अखेर १६०३ साली त्यांना धर्मबंधू म्हणून व्रते घेता आली. उमराव असो वा गुलाम, त्यांनी सर्वांची सारखीच सेवा केली. भिक्षा मागून भुकेल्यांना जेवू घातले, अनाथ मुलांसाठी आश्रम उभारण्यास हातभार लावला. १६३९ साली ते प्रभूघरी गेले. पोप तेविसावे जॉन यांनी १९६२ साली त्यांना संतपद बहाल केले.

मार्टिन कष्टाने मोठे झाले, असे आपण सहज म्हणतो. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. त्याच लिमात हजारो गुलाम पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होते. त्यांचे कष्ट कमी नव्हते. त्यांच्यासाठी दार बंद होते. मार्टिनसाठी ते थोडेसे उघडले, कारण उशिरा का होईना, बापाने नाव दिले आणि हाताला हुन्नर मिळाला. मठाचा तो नियम अन्यायाचाच होता. मार्टिनच्या नम्रतेमुळे तो न्याय्य ठरत नाही. मात्र जे थोडे मिळाले ते मार्टिननी स्वतःची कमाई मानले नाही. ज्यांना काहीच मिळाले नव्हते, त्यांच्यासाठी ते वापरले.

दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. तो जरूर करावा. पण ज्याच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे, शिकवणीचे पैसे आहेत, त्याचे नव्वद टक्के. आणि जो सकाळी आईबरोबर बाजारात बसून मग शाळेत जातो, त्याचे साठ टक्के. यांत कोण अधिक कष्टाळू, हे गुणपत्रिका सांगत नाही. नापास झालेल्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे.

या सणानिमित्त प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे: आपल्यासाठी दार कोणी उघडले? आणि आपण ते कोणासाठी उघडणार? एखाद्या मुलाची फी, जुनी पुस्तके, संध्याकाळी अभ्यासाला शांत जागा, एवढ्यानेही सुरुवात होईल.

संत मार्टिन, आम्हांसाठी विनंती कर.

आपला,
प्रमुख धर्मगुरू