रक्ताचा हिशेब मांडणारा माणूस

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाने गावात हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर घेतलं. सकाळपासून बायका येत होत्या. आमच्या शेजारच्या काकूही रांगेत उभ्या राहिल्या, पण नंबर जवळ आला तशा हळूच मागे सरकल्या. मला वाटलं, सुईला घाबरल्या असतील. पण कारण वेगळंच होतं. पाच बाळंतपणं झालेल्या माझ्या अंगात आता रक्त उरलंय किती, त्यातलं आणखी काढून दिलं तर गेलं ते गेलंच, असं त्यांचं म्हणणं. मी समजूत घालायला गेले खरी, पण मलाच नीट सांगता येईना. मी पडले आर्ट्सची. शरीराचं शास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच!

घरी आल्यावर लेकीचं बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं. त्यात विल्यम हार्वेचं नाव भेटलं. शाळेत असताना रक्ताभिसरणाचा शोध कोणी लावला, या एका मार्काच्या प्रश्नासाठी हे नाव मी पाठ केलं होतं. माणूस मात्र ठाऊकच नव्हता. मग वाचनालयातून आणखी पुस्तकं आणली आणि त्याच्या आयुष्यात गुंतूनच गेले.

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडमधल्या फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. नऊ भावंडांत हा थोरला. भावांपैकी बरेच जण व्यापारात गेले, याला मात्र वैद्यकाची ओढ. केंब्रिजला शिकून तो इटलीतल्या पादुआला गेला. तिथे फॅब्रिशियस नावाचे गुरू शरीर उघडून शिकवत. शिरांच्या आत छोटे छोटे पडदे असतात, हे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवलं. पण ते कशासाठी असतात, याचं खरं उत्तर गुरूंनाही सापडलं नव्हतं. १६०२ मध्ये हार्वे डॉक्टर होऊन मायदेशी परतला. पडद्यांचं कोडं त्याच्यासोबतच आलं.

त्या काळी सगळे डॉक्टर गेलन या जुन्या ग्रीक वैद्याचं म्हणणं प्रमाण मानत. गेलन होऊन चौदाशे वर्षं झाली होती, तरी त्याचा शब्द खाली पडत नसे. खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त होतं, ते अंगभर जातं आणि तिथेच जिरतं, अशी समजूत होती. पाटाचं पाणी शेतात सोडलं की जमिनीत मुरतं, अगदी तसं. म्हणजे आमच्या काकूंचं आणि त्या मोठमोठ्या पंडितांचं म्हणणं फारसं वेगळं नव्हतं!

१६०४ मध्ये हार्वेचं एलिझाबेथशी लग्न झालं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याला नोकरी मिळाली. दिवसा रुग्ण बघायचे आणि उरलेल्या वेळात बेडूक, साप, मासे यांची हृदयं न्याहाळायची. मग त्याने एक गोष्ट केली, जी आपण बायका रोज करतो. त्याने हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात? अगदी कमीत कमी आकडे धरूनही उत्तर इतकं मोठं आलं, की तेवढं रक्त अख्ख्या शरीरात नसतं. मग यकृत एवढं नवं रक्त रोज बनवणार तरी कसं?

आजच्या आकड्यांनी मी हाच हिशेब वहीत करून पाहिला. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला साधारण ७० ठोके. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर आणि तासाला तीनशे लिटर. आपल्या मोरीतला पाण्याचा मोठा ड्रम दोनशे लिटरचा असतो. तसे दीड ड्रम तासाला! आणि अंगात एकूण रक्त असतं जेमतेम चार ते पाच लिटर. याचा अर्थ एकच, तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरून येतं.

याचा पुरावा हार्वेने दंडावर दाखवला. लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो की दंडाला रबरी पट्टा आवळतात आणि पट्ट्याखालच्या शिरा टरारून फुगतात. का बरं? शिरांमधून रक्त हाताकडून हृदयाकडे परत निघालेलं असतं, त्याची वाट अडते म्हणून. आणि शिरांमधले ते पडदे म्हणजे एकाच बाजूला उघडणारी दारं. रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. गुरूंचं कोडं शिष्याने सोडवलं!

१६१६ पासून तो व्याख्यानं देत होता, पण पुस्तक छापायची घाई त्याने केली नाही. १६२८ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला ते लॅटिनमध्ये निघालं, जेमतेम ७२ पानांचं. आणि टीकेचं मोहोळ उठलं. लोक त्याला चक्रम म्हणू लागले, रुग्णही कमी झाले. तो राजाचा डॉक्टर होता, तरी बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार?

दोन गोष्टींमुळे मला हा माणूस फार जवळचा वाटला. १६३४ मध्ये लँकेशायरमधल्या काही बायकांवर चेटकीण असल्याचा आळ आला. राजाच्या हुकमावरून हार्वेच्या देखरेखीखाली शल्यवैद्य आणि सुईणींनी त्यांना तपासलं. त्यांच्या अंगावर चेटकाची म्हणावी अशी कोणतीही खूण सापडली नाही. ज्या काळात नुसत्या संशयावरून बायका फासावर जात, त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट!

दुसरी गोष्ट त्याच्या घरातली. एलिझाबेथने एक पोपट पाळला होता, फार लाडका आणि बोलका. एवढा छान बोलतो म्हणजे नर असणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. पक्षी मेल्यावर हार्वेने तपासलं, तर पोटात अंडं! मादीच होती ती. आपली ही चूक त्याने पुढे १६५१ मधल्या पुस्तकात सरळ लिहून टाकली.

म्हातारपण मात्र सुखाचं गेलं नाही. १६४२ मध्ये यादवी युद्धात सैनिकांनी त्याचं राहतं घर लुटलं आणि वर्षानुवर्षांची टिपणं नाहीशी झाली. त्याला मूलबाळ नव्हतं, पत्नीही आधीच गेली. ३ जून १६५७ रोजी तो वारला. पण तोवर त्याचं म्हणणं बहुतेकांनी मान्य केलं होतं, हे समाधान त्याला लाभलं. धमनीतलं रक्त शिरेत नेमकं जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नाही. ते १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्या होत्या केसाहून बारीक वाहिन्या.

हे सगळं मी काकूंना त्यांच्याच ओट्यावर बसून सांगितलं. ड्रमचा हिशेब ऐकून त्यांचे डोळे विस्फारले. तपासणीला लागतं ते थोडंसंच आणि तेवढं रक्त हाडांतल्या मगजात पुन्हा तयार होतं, हेही सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्या स्वतःहून आल्या. हिमोग्लोबिन निघालं आठ. बायकांना निदान बारा तरी हवं. आता डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत. इतकी वर्षं धाप लागायची, ती वयामुळे असं समजून त्या गप्प बसल्या होत्या.

आणि माझ्या पोटरीवरच्या त्या निळ्या, फुगलेल्या शिरा? तिथली दारं सैल झाली की रक्त खाली साचतं, हे मला आत्ता कळलं. तासन्‌तास ओट्याशी एका जागी उभं राहणं मी सोडलंय. मध्येच चार पावलं चालते, दुपारी पाय उशीवर घेते आणि डॉक्टरांनाही दाखवून आलेय.

मैत्रिणींनो, दुधाचा, किराण्याचा, भिशीचा हिशेब आपण चोख ठेवतो. आज कामं उरकली की मिनिटभर बसा, मनगटावर बोटं ठेवा आणि ठोके मोजा. स्वतःच्या शरीराचा हिशेबही आपल्याच वहीत असायला हवा ना?