मळमळ आणि डार्विनची वही

सकाळी ब्रश तोंडात घातला की उमासे येतात. मानखुर्दहून लोकल पकडेपर्यंत पोटात ढवळायला लागतं, त्यात डम्पिंगच्या वासाचा झोत आला की संपलंच. घरचे म्हणतात, पित्त झालंय, आलं-लिंबू घे. मित्र म्हणतात, सबमिशन जवळ आलं की याला बरोबर मळमळतं. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात. मग तुम्हालाच शंका येते, आपण नाटक तर करत नाही ना?

असं होत असेल, तर चार्ल्स डार्विनची ही बाजू तुम्हाला माहीत हवी. बायोलॉजीच्या पुस्तकातली ती पांढरी दाढी अर्धं आयुष्य याच त्रासात होती.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. वडील डॉक्टर. त्यांनी मुलाला एडिंबराला मेडिकलला घातलं. तेव्हा भूल न देता ऑपरेशन करत. ते बघून हा पळालाच. १८३१ च्या डिसेंबरमध्ये तो ‘बीगल’ जहाजावर चढला आणि पहिल्याच दिवसांत बोट लागली. जवळपास पाच वर्षांच्या त्या सफरीत समुद्राची सवय काही झाली नाही. मनुका आणि बिस्किटं तेवढी पोटात टिकायची.

जमिनीवर आल्यावर हे थांबायला हवं होतं. पण परतल्यावर काही वर्षांतच मळमळ, उलट्या, पोटात गॅस, धडधड, थकवा असं सगळं सुरू झालं. पाहुण्यांशी जरा जास्त गप्पा झाल्या तरी रात्र खराब जायची. १८४८ मध्ये वडील गेले, तेव्हा अंत्यविधीलाही तो वेळेत पोचू शकला नाही.

पुढच्याच वर्षी तो बायको-मुलांसह माल्व्हर्नला डॉ. गली यांच्याकडे गेला. तिथला उपचार पाण्याचा. आधी घाम काढायचा, मग गार ओल्या टॉवेलने खसाखसा अंग घासायचं, पोटावर ओली पट्टी, भरपूर चालणं. साखर, लोणी, मसाले बंद. होमिओपॅथीच्या गोळ्याही होत्या. त्यांच्यावर काडीचा विश्वास नसताना त्याने त्या घेतल्या. आणि चक्क बरं वाटलं! घरी येऊन त्याने बागेत गार पाण्याची धार अंगावर घ्यायची सोयही करून घेतली.

पण हा गडी पडला निरीक्षण करणारा. १ जुलै १८४९ पासून त्याने स्वतःच्या तब्येतीची वही ठेवली. कुठला उपचार केला, दिवस कसा गेला, रात्र कशी गेली, हे रोज थोडक्यात लिहायचं. चांगल्या दिवसांना वेगळी खूण. ही वही १८५५ च्या जानेवारीपर्यंत चालली. मधल्या काळात, १८५१ मध्ये, त्याची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी आजारी पडली. तिलाही त्याने त्याच माल्व्हर्नला नेलं. ती वाचली नाही.

पाण्याने मिळालेला आराम टिकला नाही. पुढे पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवूनही झालं. मग त्याने काय केलं? कामाचे तास शरीराला झेपतील एवढेच ठेवले, दिवसाला साधारण तीन. चालायची वेळ ठरलेली, गप्पा मोजक्या. याच वेळापत्रकात ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ पूर्ण झालं. नोव्हेंबर १८५९ मध्ये ते बाजारात आलं, तेव्हा लेखक इल्कलीला पुन्हा पाण्याचे उपचार घेत होता! १८८२ मध्ये, ७३ व्या वर्षी तो गेला.

आजार कोणता? दक्षिण अमेरिकेतल्या किड्यामुळे होणारा चागास, दूध न पचणं, अधूनमधून उलट्यांचे झटके येणारा विकार, मनावरचा ताण... डॉक्टर अजून वाद घालतायत. एकमत नाही. पण नाव सापडलं नाही म्हणून त्याच्या उलट्या खोट्या ठरत नाहीत. तुमच्याही नाहीत.

तेव्हा दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्लं, किती झोपलात, मळमळ कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, कोणती गोळी घेतली. ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. ‘सारखं कसंतरी होतं’ यापेक्षा त्या पानांवरून त्यांना जास्त कळेल. मात्र वजन उतरत असेल, उलटीत रक्त दिसलं, पाणीही टिकत नसेल, तर वही भरायची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.