डॉनल्ड विनिकॉट

डॉनल्ड वूड्स विनिकॉट (जन्म : प्लिमथ, इंग्लंड, ७ एप्रिल १८९६, मृत्यू : लंडन, २५ जानेवारी १९७१) हे इंग्लिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. ‘पुरेशी चांगली आई’ या संकल्पनेमुळे ते सर्वाधिक ओळखले जातात. आज ज्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर किंवा सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात, त्याच्या मानसोपचारावरही त्यांच्या विचारांचा खोल ठसा आहे. अशा रुग्णाला वर्षानुवर्षांचा स्थिर आधार लागतो आणि सार्वजनिक रुग्णालयाकडे वेळ नेहमीच अपुरा असतो. या पेचाशी विनिकॉट यांचा संबंध कारकिर्दीच्या दोन्ही बाजूंनी आला.

बालपण व शिक्षण

विनिकॉट यांचे वडील जॉन फ्रेडरिक हे सधन व्यापारी होते. ते दोनदा प्लिमथचे महापौर झाले आणि पुढे त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. आई एलिझाबेथ बराच काळ विषण्ण असे. दोन थोरल्या बहिणींच्या पाठीवर जन्मलेले डॉनल्ड हे एकुलते एक पुत्र. केंब्रिज येथील लेज स्कूल आणि जीझस कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी आरमाराच्या एका विनाशिकेवर वैद्यकीय काम केले आणि १९२० मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातून ते डॉक्टर झाले.

पॅडिंग्टन ग्रीन

१९२३ हे त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वर्ष ठरले. त्याच वर्षी ॲलिस टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि लंडनमधील पॅडिंग्टन ग्रीन बाल रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी ४० वर्षे काम केले. सुमारे त्याच काळात त्यांनी जेम्स स्ट्रेची यांच्याकडे स्वतःचे मनोविश्लेषण सुरू केले. १९३४ मध्ये ते विश्लेषक म्हणून पात्र ठरले. पुढे मेलनी क्लाइन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, तरी त्यांच्या गटात ते कधीच पुरते सामील झाले नाहीत.

पॅडिंग्टन ग्रीनच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी बहुतेक कुटुंबे साधी, कष्टकरी होती. दररोजचे दीर्घ विश्लेषण त्यांना देणे अशक्य होते. त्यामुळे कमीत कमी काय केले असता या मुलाचे अडलेले पाऊल पुढे पडेल, हा प्रश्न विनिकॉट तेथे विचारू लागले. ‘स्क्विगल’ हा त्यांचा रेघोट्यांचा खेळ याच कामातून प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी कागदावर एक वेडीवाकडी रेघ काढायची, मुलाने तिचे चित्र करायचे आणि मग पाळी बदलायची. एकदोन भेटींत मुलाच्या मनातील गाठ कागदावर उतरत असे. अर्थात ज्या मुलाच्या पाठीशी घर आहे, त्यालाच एवढे पुरते, याची जाण त्यांना होती.

युद्धकाळ

ज्यांच्या पाठीशी असे घर नव्हते, ती मुले त्यांना दुसऱ्या महायुद्धात भेटली. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतील मुले खेड्यांत हलवण्यात आली. त्याविषयी विनिकॉट, जॉन बोल्बी आणि इमॅन्युएल मिलर यांनी डिसेंबर १९३९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून तोडण्याच्या धोक्याचा इशारा दिला होता. चोरी करणारी, अंथरूण ओले करणारी, पळून जाणारी मुले कोणी घरात ठेवून घेईना. त्यांच्यासाठी ऑक्सफर्डशायरमध्ये सरकारी वसतिगृहे निघाली आणि विनिकॉट त्यांचे सल्लागार झाले. तेथे त्यांना उमगले की खरा उपचार आपण करत नसून तो वसतिगृहाच्या भिंती, वेळेवर मिळणारे जेवण, स्वयंपाकीण आणि न डगमगणारे अधीक्षक करत आहेत. ‘धरून ठेवणे’ ही त्यांची पुढील संकल्पना समजून घेण्यास हा अनुभव महत्त्वाचा आहे. तेथील समाजसेविका क्लेअर ब्रिटन यांच्याशी त्यांनी १९५१ मध्ये दुसरा विवाह केला.

याच काळात नऊ वर्षांचा एक पळपुटा मुलगा तीन महिने त्यांच्या घरी राहिला. त्याचे थैमान अनावर झाले की विनिकॉट त्याला दाराबाहेर उभे करत आणि तुझ्या वागण्याने मला तुझा द्वेष वाटतो, असे सरळ सांगत. शांत झाल्यावर घंटा वाजवून तो आत येऊ शकत असे. उपचारकाच्या मनात रुग्णाविषयी उठणाऱ्या द्वेषावर त्यांनी १९४७ मध्ये वाचलेल्या निबंधात हा प्रसंग आहे. निबंधाचा रोख मनोरुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिकांकडेही होता. त्या काळी रूढ होत असलेल्या ल्यूकॉटॉमी या मेंदूवरील शस्त्रक्रियेला व विजेच्या झटक्यांना त्यांचा तीव्र विरोध होता.

सीमावर्ती रुग्ण

वरकरणी मज्जाविकृती दिसते पण गाभ्याशी चित्तविकृती असते, अशा रुग्णांना विनिकॉट सीमावर्ती म्हणत. अर्थ उलगडून सांगण्यापेक्षा रुग्णाच्या हल्ल्यातून टिकून राहणे, सूड न उगवणे आणि ठरल्या वेळी हजर असणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. स्वतः डॉक्टर व विश्लेषक असलेल्या मार्गारेट लिटल यांच्यावर त्यांनी १९४९ पासून उपचार केले. सुरुवातीच्या एका भेटीत लिटल यांनी खोलीतील मोठी फुलदाणी फोडली. विनिकॉट बाहेर निघून गेले आणि वेळ संपता संपता परतले. दुसऱ्या दिवशी तेथे हुबेहूब तशीच फुलदाणी होती. पुढे स्वतःच्या सुटीच्या काळात आत्महत्येचा धोका दिसताच त्यांनी लिटल यांना रुग्णालयात दाखल होण्यास राजी केले. हे सविस्तर वृत्त लिटल यांनीच नंतर प्रसिद्ध केले. येथे एक विसंगती नोंदवणे भाग आहे : असा प्रदीर्घ उपचार मुख्यतः त्यांच्या खाजगी दालनात होत असे.

उत्तरकाळ व टीका

दोनदा ते ब्रिटिश सायकोअ‍ॅनलिटिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. बीबीसीवरील भाषणांमुळे ते सामान्य मातांपर्यंत पोहोचले. ‘प्लेइंग अँड रिअ‍ॅलिटी’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९७१ चा. त्यांच्या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. त्यांचे रुग्ण, शिष्य आणि संपादक असे तिहेरी नाते असलेले मसूद खान यांनी पुढे स्वतःच्या रुग्णांशी केलेल्या गैरवर्तनाचा दोष काही अभ्यासक विनिकॉट यांच्या सैल मर्यादांकडेही देतात.

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराला अमेरिकन निदान-पुस्तिकेत स्थान मिळाले ते १९८० मध्ये. अँथनी बेटमन व पीटर फोनागी यांनी लंडनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दिवस-रुग्णालयात या विकारावर मेंटलायझेशन-आधारित उपचार राबवला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आईचा चेहरा हा बाळाचा पहिला आरसा असतो, हा विनिकॉट यांचा विचार त्या उपचाराच्या सिद्धांतात आढळतो. तेथे जास्तीत जास्त १८ महिने उपचार दिला जाई. २००९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने या विकारासाठी तीन महिन्यांहून कमी मुदतीचा मानसोपचार वापरू नये, अशी शिफारस केली.