रॉबर्ट फ्लाहर्टी आणि नानूकचे चित्र

चित्रपट म्हटला की नटनट्या, रंगविलेले पडदे आणि गाणी एवढेच आमच्या विद्यार्थिवर्गाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु खऱ्या माणसांचे खरे जिणे पडद्यावर दाखविणारा, ज्यास अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात, असाही एक प्रकार आहे. तो ज्यांनी प्रथम लोकप्रिय करून दाखविला त्या रॉबर्ट फ्लाहर्टी यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो. असे चित्र काढण्याची हौस पुष्कळांस असते. त्यास लागणारे द्रव्य कोठून आणावे या प्रश्नापाशी मात्र बहुतेकांचे पाऊल अडते. फ्लाहर्टींचेही काही वर्षे अडलेच होते.

त्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८८४ रोजी अमेरिकेतील मिशिगन संस्थानात, आयर्न माउंटन या खाणींच्या गावी झाला. वडील खनिजांच्या शोधाचा व्यवसाय करीत व मुलास बरोबर घेऊन कॅनडातील रानोमाळ हिंडत. शाळेत या मुलाचे मन रमले नाही. खनिजविद्येच्या कॉलेजातूनही त्यास काही महिन्यांतच बाहेर पडावे लागले. (आमच्या काही वाचकांनी एवढाच भाग ध्यानात ठेवू नये.)

१९१० साली कॅनडातील रेल्वेचे एक बडे धनी सर विल्यम मॅकेन्झी यांनी हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर लोखंडाचे खनिज शोधण्यास त्यांना धाडले. १९१३ च्या सफरीपूर्वी, सोबत चलच्चित्रांचा कॅमेराही न्यावा, असे सर विल्यमनीच सुचविले. फ्लाहर्टींनी असे यंत्र तोवर चालविले नव्हते. रॉचेस्टर शहरी तीन आठवडे शिकून ते निघाले आणि तेथील इन्यूइट लोकांची, ज्यांस त्या काळी सर्वत्र एस्किमो म्हणत, चित्रे घेऊ लागले. १९१६ साली टोराँटोस फिल्म नीट जुळवीत असता त्यांच्याच हातच्या सिगारेटने पेट घेतला आणि सुमारे ३०,००० फूट मूळ फिल्म भस्मसात झाली.

एक प्रत तेवढी वाचली होती. ती त्यांनी काही मंडळींस दाखविली. मंडळींनी शिष्टाचारास धरून स्तुती केली; पण फ्लाहर्टींस स्वतःसच ते चित्र नीरस वाटले. येथे हा देखावा, तेथे तो देखावा. प्रवाशाच्या गाठोड्यातील चीजवस्तूंप्रमाणे सारे सुटे सुटे. पत्नी फ्रान्सेसबाई यांच्याशी विचारविनिमय करून त्यांनी ठरविले की पुन्हा जावयाचे, पण या वेळी एकच माणूस व त्याचे कुटुंब घ्यावयाचे आणि त्यांचे वर्षभराचे जगणे दाखवावयाचे. आमच्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्यातील मोलाचा क्षण तो हाच. आगीने त्यांचे श्रम गेले, पण चित्र कशाचे काढावयाचे हे मात्र त्यानंतरच कळले.

कळले तरी पैसा नव्हता. महायुद्ध चालू होते, आणि बर्फातल्या शिकाऱ्याचे जिणे पाहण्यास कोणी तिकीट काढील असे धनिकांस वाटेना. अखेर १९२० साली रेव्हियाँ फ्रेर या फ्रेंच पेढीचे कॅप्टन थिएरी मॅले यांची गाठ पडली. ही पेढी लोकरीदार कातड्यांचा व्यापार करी आणि हडसन्स बे कंपनीशी तिची चुरस होती. आपले नाव जगापुढे येईल या हिशेबाने तिने खर्च पत्करला. तो अखेरीस सुमारे ५३,००० डॉलरवर गेला. चित्राच्या आरंभी पेढीचे नाव झळकते, आणि गोऱ्या व्यापाऱ्याच्या ठाण्यावर कातड्यांची देवघेव चालल्याचा देखावाही आत आहे. पैसा देणाऱ्याची सावली चित्रावर पडते ती अशी.

ऑगस्ट १९२० मध्ये फ्लाहर्टी पोर्ट हॅरिसन येथे, म्हणजे ज्यास नंतर इनुकजुआक हे नाव मिळाले त्या ठिकाणी, पोहोचले. बरोबर ७५,००० फूट फिल्म व ती तेथल्या तेथे धुण्याचे व छापण्याचे सर्व साहित्य होते. छापण्यास विजेचा दिवा साधेना, म्हणून भिंतीतील झरोक्यातून येणारा दिवसाचा उजेड वापरला. फिल्म धुण्याचे पाणी बर्फात भोक पाडून आणावे लागे, आणि ती वाळविण्यास कोळसा सरला तेव्हा किनाऱ्यास लागलेली लाकडे जाळली. या कामी इन्यूइट लोकच त्यांचे सोबती होते. घेतलेली चित्रे ते त्यांस लगेच पडद्यावर दाखवीत, त्यामुळे पुढे काय घ्यावयाचे हे ती मंडळीही सांगू लागली.

आता एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. नानूक हे त्या शिकाऱ्याचे खरे नाव नव्हे, तो अलाकरियालाक. चित्रातील त्याची बायको ही त्याची बायको नव्हती. बंदुका वापरात असूनही शिकार भाल्याने करविली. आणि घरात उजेड यावा म्हणून बर्फाचे घर मोठे बांधून त्याची एक बाजू मोकळी ठेविली. बापजाद्यांचे जिणे दाखविण्याचा हा प्रयत्न होता, असे त्यांचे कैवारी म्हणतात. ते आम्हांस मान्य आहे. पण प्रेक्षकांस तसे स्पष्ट सांगावयास हवे होते. चित्र प्रसिद्ध झाल्यावर सुमारे दोन वर्षांत अलाकरियालाक वारला. शिकारीस गेला असता उपासमारीने मेला, असे फ्लाहर्टी सांगत. तो आपल्या घरी, बहुधा क्षयाने गेला, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे.

चित्र तयार झाले तरी ते दाखविण्यास वितरक मिळेना. पॅरामाउंटने नाकारले, इतरांनीही नाकारले. शेवटी पाथे कंपनीने घेतले. ११ जून १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात ते लागले आणि मग देशोदेशी गाजले. त्यामुळे पॅरामाउंटनेच पुढच्या चित्रास पैसे दिले! सामोआ बेटावरील त्या 'मोआना' चित्राविषयी लिहिताना १९२६ साली जॉन ग्रिअरसन यांनी या प्रकारास उद्देशून 'डॉक्युमेंटरी' हा शब्द योजिला.

१९३४ साली आयर्लंडजवळील आरन बेटांचे चित्र निघाले. 'एलिफंट बॉय' या १९३७ च्या चित्रासाठी फ्लाहर्टी आपल्या म्हैसुरातही येऊन राहिले. साबू हा माहुताचा मुलगा तेथूनच जगापुढे आला. त्या चित्राचा बराच भाग मात्र लंडनच्या स्टुडिओत दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या हातून झाला. अखेरचे मोठे चित्र 'लुइझियाना स्टोरी' १९४८ साली आले. त्यास स्टँडर्ड ऑईल कंपनीने पैसा पुरविला; परंतु या वेळी करार निराळा होता. चित्रात कंपनीचे नाव कोठेही यावयाचे नव्हते, आणि त्यावरील सर्व हक्क फ्लाहर्टींचे राहावयाचे होते. २३ जुलै १९५१ रोजी व्हरमाँट संस्थानात, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते वारले.