चार्ल्स स्टाइनमेट्स

प्रवर्तन मोटरीचे वर्तन गणिताने उलगडून दाखविणारे चार्ल्स स्टाइनमेट्स यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातील ब्रेस्लाउ नगरात झाला. पाठीस जन्मतःच कुबड व चाल लंगडी. परंतु गणितातील बुद्धी असामान्य. समाजवादी लेखनामुळे अटकेचे भय निर्माण होताच १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. १८८९ साली न्यूयॉर्क बंदरात या अपंग, निर्धन तरुणास परत धाडण्याचेच घाटत होते. सोबतच्या मित्राने जबाबदारी घेतली म्हणून प्रवेश मिळाला.

त्या काळी प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे गणित अत्यंत किचकट असे. १८९३ मध्ये स्टाइनमेट्स यांनी संमिश्र संख्यांच्या साहाय्याने ते सुलभ केले. पुढे मोटरीच्या जागी रोध व वेटोळी यांचे तुल्य मंडल कल्पून तिचा प्रवाह व शक्ती आधीच वर्तविता येऊ लागली. आजही अभियंते मोटर एकदा भाराविना चालवून व एकदा तिचा फिरता भाग अडवून मोजमापे घेतात, त्यांवरून या मंडलातील राशी काढतात आणि नियंत्रक जुळवितात.

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे त्यांचे निधन झाले. विद्यार्थिमित्रहो, मोटरीचे मोजमाप करता येते. मनुष्याची योग्यता मात्र त्याच्या देहावरून मोजू नये, हाच या चरित्राचा बोध होय.