खाशाबा जाधव : ऑलिम्पिकच्या आखाड्यातून पोलीस खात्यात

पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांनी हे नाव माहीत करून घ्यावं. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. वडीलही पैलवानच.

१९४८ ला लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत खेळलेला गडी, मॅटची सवय नाही, तरी सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर खिशात पैसा नाही. गावानं वर्गणी केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. असा मास्तर आज शोधून सापडणार नाही!

खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि पुढचं यायला १९९६ उजाडलं. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग कुस्त्या खेळून त्यांनी प्राचार्यांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते फौजदार झाले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून पोरं घडवली. पण बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबले. २७ वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, तर पेन्शनसाठी झगडावं लागलं.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव लागलं २०१० ला.